वळणावर थांबतो

१

वर्षातला एक आठवडा आमच्या घरात सायकलींचा असतो. त्या आठवड्यात कुणाचं लग्न निघो की कुणाचं छप्पर उडो, आम्ही सापडत नाही. नवरा आणि मी, दोन सायकली, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लटकवलेल्या पिशव्या, आणि नकाशावर सगळ्यांत बारीक रेघेनं काढलेला रस्ता. डोंगरातल्या दऱ्यांमधून वळत जाणारे, ट्रकवाल्यांनी कधीच सोडून दिलेले रस्ते आम्हाला आवडतात.

कामाची वाटणी ठरलेली. साखळीला तेल, ब्रेक, पंप, पंक्चरचं सामान त्याच्याकडे. कपडे, औषधं, खाणं माझ्याकडे. तो लिफ्टच्या देखभालीचं काम करतो, त्यामुळे कुठे नट ढिला असला की त्याला अन्न गोड लागत नाही. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, "हे स्पष्ट दिसतंय की हे?" माणसाचे डोळे किती सहज फसतात ते मला रोज दिसतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी स्वतःला वारंवार हेच बजावत होते.

चढाला मी कायम मागे. म्हणून तो मला कासव म्हणतो. हे नाव आमच्या दोघांतलंच, लेकीलासुद्धा ठाऊक नाही. चढ लागला की तो म्हणतो, "वळणावर थांबतो गं," आणि थांबतो. मी धापा टाकत वळले आणि तो तिथे नाही, असं कधी झालं नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र मी गेले नाही. माझी आई आजारी होती. त्याला एकट्यालाच मी पाठवलं, हट्टानं पाठवलं. तो ठरल्यापेक्षा उशिरा परतला. वारा उलटा होता म्हणाला. उन्हानं रापला होता आणि जिन्यातून गुणगुणत वर आला होता. मी दार उघडल्यावर त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, जागरणानं माझा चेहरा उतरलाय म्हणून.

आई त्याच महिन्यात गेली. मी फारशी रडले नाही, पण हसू म्हणून जे असतं ते माझ्या अंगातून निघूनच गेलं. काम करत होते, डबे भरत होते, विचारलं तेवढ्याला उत्तर देत होते. एकदा लेक सहज बोलून गेली, "आपल्या घरात आता फ्रिजचाच आवाज जास्त येतो." नवऱ्यानं वर्षभर ते सोसलं. निदान मला तसं वाटलं.

या वर्षी त्यानं नकाशा काढलाच नाही. म्हणाला, "गेल्या वर्षीचीच दरी."

"एकदा झालेल्या रस्त्यावर परत जायचं नाही, असं कुणी ठरवलं होतं?"

"मीच. पण तू कुठे आली होतीस? तुझ्यासाठी नवाच आहे की."

बोलणं बिनतोड होतं. मी पिशव्या भरल्या.

२

दरी खरंच सुंदर होती. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला शेवाळलेला कडा, आणि मधून एकच गाडी कशीबशी जाईल एवढा रस्ता. उतारावर पाय थांबवले की आमच्या दोन्ही चाकांची टिकटिक कड्यावर आपटून परत यायची. बऱ्याच दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला.

दरीच्या तोंडाशी एक लहानसं दुकान होतं. बाहेर दोन बाकं, आत काचेच्या बरण्या आणि स्टोव्ह. दुकानदारीण पन्नाशीची, हात पुसत बाहेर आली आणि मला बघून तिचा चेहरा फुलला.

"आलात का? म्हटलं, या वर्षी येताय की नाही."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. नवरा सायकल भिंतीला टेकवत होता आणि त्या कामात फार गढून गेला होता.

आम्ही काही मागायच्या आत ती आत गेली आणि ट्रे घेऊन आली. त्याच्यासाठी दुधाची कॉफी. माझ्यासाठी काळी, आणि शेजारी छोट्या पेल्यात गार पाणी.

आता हे पाणी. मला कॉफी कडक लागते पण गरम सोसत नाही, म्हणून मी तिच्यात दोन घोट गार पाणी ओतते. लोक नाक मुरडतात. दुकानातल्या मुली म्हणतात, मॅडम, एवढी चांगली कॉफी कशाला बुडवता. दुसरं कुणी असं पिताना मी आजवर पाहिलेलं नाही.

"मी विसरले नाही हं," दुकानदारीण म्हणाली. "काय हसवलं होतंत तुम्ही आम्हाला. माझ्या धाकट्या बहिणीला तर उचकी लागली होती."

"मी पहिल्यांदाच येतेय," मी म्हणाले.

ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं. मग माझा चेहरा बघून तिचं हसू हळूहळू मावळलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, ट्रे उचलला आणि ती आत गेली.

"तिची काहीतरी गफलत झाली," नवरा म्हणाला. "हंगामात किती लोक येतात इथे. सगळ्यांची डोकी हेल्मेटमध्ये. कुणाला कोण लक्षात राहणार?"

"आणि पाणी?"

"कॉफीबरोबर पाणी देतात बऱ्याच ठिकाणी."

त्याच्यापुढे पाणी ठेवलेलं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं नाही.

३

चढावर माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो. पहिल्या चढात मी दुकानदारिणीला चुकीचं ठरवलं. दुसऱ्यात नवऱ्याला.

गेल्या वर्षी त्याच्याबरोबर कुणीतरी होती. माझ्यासारखी दिसणारी, माझ्याच वयाची असेल. मी आईच्या उशाशी बसले होते आणि हा इथे कुणाला तरी हसवत, स्वतः हसत फिरत होता. हे कळल्यावर जसं वाटायला हवं तसंच वाटलं. पण त्याच्याहून एक गोष्ट जास्त लागली. बाई असेल तर असो. माझी कॉफी त्यानं तिला का शिकवावी?

वळणावर तो थांबला होता. मी सायकलवरून न उतरताच विचारलं.

"कोण होती?"

"कोणी नव्हती."

"नाव सांगू नकोस. होती एवढं म्हण."

"मी एकटाच निघालो होतो. तुझी शपथ." त्यानं बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "कासवा, मी दुसऱ्या कुठल्या बाईकडे बघितलेलं नाही. आयुष्यात नाही."

आणि गंमत म्हणजे मला ते खरं वाटलं. वीस वर्षांचा संसार आहे. तो खोटं बोलतो तेव्हा त्याची मान आखडते. त्याची मान सैल होती.

संध्याकाळच्या आत आम्ही मुक्कामाच्या घरी पोचलो. दोन मजली घर, खाली मालकीणबाईंचं स्वयंपाकघर, वर प्रवाशांसाठी खोल्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत. उंच, सपाट चेहऱ्याची बाई. त्यांनी आमचं स्वागत केलं नाही की नावं विचारली नाहीत, फक्त किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली.

"कोपऱ्यातलीच दिलीय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "वाळलात तुम्ही. ते तुम्हाला काय बरं म्हणतात? कासव. हो ना?"

मी जिन्याच्या कठड्याला धरलं. नवरा पिशव्या घेऊन तोवर वर गेला होता. भराभर गेला होता.

खोली स्वच्छ होती. दोन पलंग, धुतलेल्या चादरी, खिडकीतून दिसणारा खिंडीचा रस्ता, आणि भिंतीत बसवलेलं कपाट. तो अंघोळीला गेला तेव्हा मी कपडे ठेवायला कपाट उघडलं. आत हँगरला एक शर्ट होता. निळा, सायकलवर घालतात तसला, पाठीला खिसे असलेला. माझाही निळाच आहे, पण तो माझ्या अंगात होता. या शर्टाच्या काखेत एक उसवण शिवलेली होती. टाका उलटा, आणि शेवटी दोऱ्याला दोन गाठी घालून टोक दातानं तोडलेलं. मी शिवताना टोक दातानं तोडते. आई रागवायची.

मी तो शर्ट नाकाशी धरला. दुसऱ्याच्या घामाचा वास आपल्याला चटकन येतो. स्वतःच्याचा येत नाही. मला काहीच वास आला नाही.

४

दरीत मोबाइल लागत नव्हता. खाली जिन्याजवळ जुना फोन होता, त्यावरून मी घरी फोन लावला. लेक कॉलेजात आहे. शेजारीच राहणाऱ्या आत्याच्या भरवशावर तिला ठेवून आलो होतो.

"आई, जेवलीस का? पाय दुखतायत का?"

"दुखतायत. तू?"

"मी मस्त. आत्या डोकं खातेय." मग जरा थांबून, "तू हसलीस का गं तिथे तरी?"

"हा काय प्रश्न झाला?"

"काही नाही. बाबा निघताना म्हणाले, आई परत येईल तेव्हा बघ, पहिल्यासारखी असेल. मी म्हटलं, पैज लावता का? तर म्हणाले, लावतो."

मी हसायचा प्रयत्न केला. फोनवर ते तिला खोकल्यासारखं ऐकू गेलं असावं. म्हणाली, "गरम पाणी पी."

त्या रात्री आम्ही एकमेकांशी फार बोललो नाही. दिवा मालवण्याआधी तो माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसला आणि माझ्या केसांवरून हात फिरवत राहिला. बऱ्याच महिन्यांत त्यानं असं केलं नव्हतं. मला वाटलं, हा माफी मागतोय. आता वाटतं, तो निरोप घेत होता.

सकाळी मला हसण्यानं जाग आली.

खालून, स्वयंपाकघराच्या बाजूनं बाईचं हसणं येत होतं. मोठं, बेभान, आणि शेवटी श्वास आत ओढल्यावर एक बारीकशी शीळ. माझ्या पुढच्या दोन दातांत फट आहे. पोट धरून हसले की अशी शीळ वाजते. ती ऐकून मला वर्ष उलटून गेलं होतं.

मी पलंगावर उठून बसले. तोंडावर हात ठेवून पाहिला. तोंड मिटलेलं होतं.

झोपेत आपण हसतो आणि त्यानंच जागे होतो, असं होतं कधी कधी. अर्धवट झोपेत आवाज कुठून येतो ते कळत नाही. ही दोन्ही कारणं मी जिना उतरताना मनाशी घोळवली आणि दोन्ही मला पटली. स्वयंपाकघरात नवरा एकटा बसला होता. डोळे पुसत होता; हसून हसून पाणी येतं तसं. मला बघताच त्याचा चेहरा मिटला. दिवा घालवावा तसा.

"कोण होतं?"

"मावशी."

खिडकीतून मावशी दिसत होत्या, अंगणाच्या पार पलीकडे, तारेवर चादरी घालताना. टेबलावर दोन कप होते. एक त्याचा. दुसऱ्यातली कॉफी काळी होती. मी बोट बुडवून पाहिलं. कोमट होती.

"निघू या," तो म्हणाला. "खिंडीत नंतर धुकं येतं."

मी तेव्हाच परत फिरायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणते. पण नवऱ्याबरोबर निघालेली बाई कुणाला घाबरून परत फिरणार? घाबरलं तर त्याच्याकडेच बघायचं, इतकीच मला सवय होती.

५

खिंडीचा चढ लांब होता, आणि धुकं आमच्या आधीच येऊन बसलं होतं. सुरुवातीला तो दिसत होता, मग फक्त त्याचं लाल जाकीट, मग तेही नाही. "वळणावर थांबतो," तो म्हणाला होता. पहिल्या वळणावर तो नव्हता. दुसऱ्यावरही नव्हता.

पुढून बोलणं ऐकू येत होतं. त्याचा आवाज, मग थोडी शांतता, मग पुन्हा त्याचा आवाज. तो गाणं म्हणत असेल, असं मी ठरवलं. धुक्यात आवाज जवळचा लांब आणि लांबचा जवळ वाटतो. मी हाक मारली. बोलणं थांबलं. उत्तर आलं नाही.

तेवढ्यात माझं मागचं चाक खाली बसलं. उतरून पाहिलं तर काटा नव्हता, काच नव्हती. व्हॉल्व्हची पिन ढिली केलेली होती. लिफ्टमधला एक नट ढिला असला तर ज्याला अन्न गोड लागत नाही, त्याच्या हातून रात्री हे राहून गेलं असेल, असं म्हणायला मी तयार होते. पण पंप त्याच्याकडे होता.

मी सायकल ढकलत चालू लागले. खिंडीच्या माथ्यावर धुकं एकदम संपलं. पलीकडची दरी उन्हात होती आणि रस्ता पायाखाली घडी घातलेल्या रिबिनीसारखा वळणांवळणांनी खाली जात होता. दोन घड्या खाली मला लाल जाकीट दिसलं.

त्याच्या शेजारी दुसरी सायकल होती.

निळा शर्ट. मागे माझ्यासारख्याच पिशव्या. पायडल मारताना डावा गुडघा जरा बाहेर पडत होता. हे मला माझं कधी दिसलेलं नाही, त्यानंच सांगितलेलं आहे. अंतर बरंच होतं. नजर फसते, उन्हात तर फारच फसते, हे मी रोज लोकांना समजावते. मी डोळे मिटून उघडले. दोघं जोडीनं, हळू चालले होते. ती काहीतरी सांगत होती आणि तो हसत होता.

मी हाक मारली. आवाज खाली पोचला, कारण त्याचं हसणं थांबलं.

त्यानं वर पाहिलं.

तो दचकला नाही. तो घाबरला असता, वेडापिसा झाला असता, तर मी आजही त्याला माफ केलं असतं. आजारी माणसाच्या खोलीचं दार ओढून घेण्याआधी आपण आत एकदा बघतो, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती मान वळवू लागली. तेव्हा त्यानं हात लांबवून तिच्या पाठीवर ठेवला आणि तिच्याकडे झुकून काहीतरी म्हणाला, आणि ती पुन्हा पुढे बघू लागली. माझं दर्शन तिला होऊ नये, याची त्यानं किती काळजी घेतली.

तिचा चेहरा मला दिसला नाही. गालाची कड तेवढी दिसली. मग वळण आलं.

६

त्या बाजूनं उतरायचं माझ्यात बळ नव्हतं. आल्या वाटेनं मी चालत परत फिरले. मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी सायकल माझ्या हातातून घेतली आणि भिंतीला लावली.

"ओल्या झालात धुक्यानं. कोरडं देते."

त्यांनी मोठा टॉवेल आणला, पुढ्यात सूप आणि पाव ठेवला. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी खोल्या देते," मावशी म्हणाल्या.

"ती कोण आहे?"

त्यांनी थोडा विचार केला, आठवून बघतात तसा. "गेल्या वर्षी ते एकटेच आले होते. तुमच्या आठवणीनं बेजार. दिवसभर तुमच्याबद्दलच बोलायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले तेव्हा दोघं होते." त्यांनी पावाचा तुकडा माझ्याकडे सरकवला. "चांगली बाई आहे ती. वर्षभर इथेच होती. कुणाला त्रास दिला नाही. खा."

त्यांनी हे सगळं कळवळून सांगितलं असतं तर मी काहीतरी फेकलं असतं. त्या भाजी निवडताना बोलावं तसं बोलत होत्या. मी खाल्लं. भूक लागली होती, याची मला लाज वाटली.

बस एक दिवसाआड यायची. मी ठरवलं, बसनं घरी जायचं, दार वाजवायचं, आणि बघायचं कोण उघडतं ते. पोलिसांत जायचं, नणंदेला बोलवायचं, शेजाऱ्यांना गोळा करायचं. बायकांवर यापेक्षा वाईट प्रसंग आलेत आणि त्या घरी परतल्या आहेत. ते दोघं गाडी करून एव्हाना पोचले असतील, असा हिशेब करून मी बसच्या दिवशी, दुपारी, पिशवी दाराशी ठेवली आणि फोन लावला. लेक एकटी सापडली तर आधी तिला सांगावं, एवढंच मनात होतं.

तिनंच उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी भांडं आपटलं, आणि मग ते हसणं. घर भरून जाईल असं.

"मी आहे गं," मी म्हणाले.

तिनं दार लोटल्याचा आवाज आला. हसणं बारीक झालं.

"बाबा म्हणाले होते तुमचा फोन येईल," ती हलकेच म्हणाली. "म्हणाले, आवाज आईसारखाच असेल."

जन्मल्यापासून तिनं मला तू म्हटलं आहे. रागावली तरी तू, ताप असला तरी तू. मी काही बोलायच्या आत ती घाईघाईनं म्हणू लागली, "तुम्ही रागावू नका. तुम्ही जेवलात का? तिथल्या बाई नीट बघतात ना तुमच्याकडे?"

"तू बघितलंस तिला? नीट बघितलंस?"

"हो."

"मग?"

तिला कळलं होतं. माझी लेक आहे ती. तिला कळलं नाही असं होणार नाही. ती रडत नव्हती, रडू दाबत होती.

"ती माझे केस विंचरते," ती म्हणाली. "काल आम्ही तिघं जेवताना इतके हसलो." मग आवाज एकदम लहान झाला, पाळणाघराच्या दाराशी व्हायचा तेवढा. "तुम्ही इकडे येणार नाही ना?"

ती मला घाबरत होती.

बाहेर बस येऊन थांबली. मावशींनी माझी पिशवी उचलून दारातून बाजूला ठेवली, चालणारा अडखळू नये म्हणून ठेवतात तशी.

"नाही, बाळा," मी म्हणाले. "नाही येणार."

"थँक यू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला. थोडं थांबून परत एकदा दिला. मग बस गेली.